वासाला लगाम घालणाऱ्या पेशी

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला गल्लीत शिरणाऱ्या नवख्या माणसाला आधी ठसका लागतो, मग डोळ्यांत पाणी येतं आणि त्यानंतर कुठे वास कळायला लागतो. पावसाळ्याच्या आत वर्षभराचा मसाला करून ठेवायचा, म्हणून लांबलांबून बायका इथे येतात. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्यांची देठं काढायची, धणे, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर वेगवेगळं भाजून घ्यायचं आणि सगळं डंकावर कुटायला द्यायचं. डंकावर दिवसभर उभ्या असलेल्या कामगाराला विचारलं, तर तो म्हणेल, ‘इथे कसला आलाय वास?’ पण भट्टीवरच्या कढईत धणे जरासे करपले, की ते सर्वांत आधी त्यालाच कळतं.

इथे एक खुलासा करायला हवा. मिरचीचा ठसका म्हणजे वास नव्हे. नाकातली झोंबरी जाणीव चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेमार्फत मेंदूकडे जाते. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी काढणारी नसही तीच. सर्दीत वास गेलेल्या माणसालाही मिरचीची धुरी लागते ती यामुळेच. दगडफुलाचा, धण्याचा, करपल्याचा वास मात्र निराळ्या वाटेने जातो.

डंकावरच्या कामगाराचं नाक एकाच वेळी दोन उलट कामं करतं. सतत येणारा जोरदार वास ते मागे ढकलतं आणि त्या गदारोळात आलेला नवा, बारीकसा वास पुढे आणतं. यातलं काही काम नाकातल्या गंधपेशीच करतात. त्या थकतात, सरावतात. उरलेल्या कामात त्याच्या पुढच्या टप्प्यावरच्या, कवटीच्या आत बसलेल्या काही पेशींचा मोठा हात असतो. त्या पेशी डोपामाइन तयार करतात.

डोपामाइन हे नाव हल्ली घराघरांत पोहोचलं आहे. मोबाइलवर बोट फिरवलं की डोपामाइन, गोड खाल्लं की डोपामाइन, शिवाय ‘डोपामाइनचा उपवास’ करा असं सांगणारे सल्लागारही झाले आहेत. आनंदाचं रसायन अशी त्याची ख्याती झाली. प्रत्यक्षात ते निरोप पोहोचवणारं एक रसायन आहे आणि निरोप काय हे ते कुठे सोडलं जातं, कोणाला मिळतं यावर ठरतं. मेंदूतल्या डोपामाइन पेशींच्या वस्त्यांना शास्त्रज्ञांनी अक्षरं आणि आकडे दिले आहेत, अगदी महापालिकेच्या वॉर्डांसारखे. परळ-लालबाग जसं ‘एफ दक्षिण’, तसा मध्यमेंदूतला काळसर पट्टा म्हणजे ‘ए९’. हालचालींना गती देणारं डोपामाइन तिथून येतं आणि कंपवातात त्याच पेशी मरतात. नाकाच्या मुळाशी, कपाळामागे मेंदूच्या तळाला चिकटलेल्या घ्राणकंदातली वस्ती ‘ए१६’. दोन्हीकडे रसायन एकच, पण ‘ए१६’चं काम बहुतांशी वेग आवरण्याचं. ती वस्ती वासाला लगाम घालते.

लगाम का लागतो, हे कळायला घ्राणकंदाची रचना थोडी पाहावी लागते. नाकाच्या छताशी टपाल तिकिटाएवढ्या जागेत लाखो गंधपेशी असतात. माणसात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक रेणू कामात आहेत, उंदरात हजाराच्या वर. आणि प्रत्येक गंधपेशी त्यांतला एकच प्रकार बाळगते. ग्राहक रेणूंचं हे प्रचंड कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं. २००४ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. खरी गंमत पुढच्या टप्प्यावर आहे. एकाच प्रकारच्या गंधपेशी नाकात इतस्ततः विखुरलेल्या असल्या, तरी त्यांचे सगळे तंतू घ्राणकंदात ठरावीक ठिकाणी एकत्र येतात. टपाल कार्यालयात पत्र कुठल्याही पेटीतून आलेलं असो, ४००००४ लिहिलेलं असेल तर ते गिरगावच्याच खणात पडतं, तसंच हे. या खणाला शास्त्रज्ञ ग्लोमेरुलस म्हणतात. आपण त्याला गुच्छ म्हणू, कारण तो दिसतो तसाच. उंदराच्या एकेका घ्राणकंदात असे दोन हजारांच्या आसपास गुच्छ असतात. कुठले गुच्छ उजळले आणि किती उजळले, यावरून मेंदू वास ओळखतो.

आता दादरला येऊ. स्टेशनाशेजारच्या फुलबाजारात पहाटे मोगऱ्याच्या पाट्या उतरतात. एखादी बाई गजऱ्यातली एक कळी नाकाशी नेते, तेव्हा तिला मोगरा कळतो. पाटीभर मोगऱ्यावर वाकली, तरी तिला मोगराच कळतो. हे आपल्याला इतकं सवयीचं आहे, की त्यात काही नवल आहे असं वाटतच नाही. पण घ्राणकंदाच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग फार वेगळे आहेत. वास मंद असतो तेव्हा त्याला सर्वांत जवळचे चार-दोन गुच्छच जागे होतात. तोच वास तीव्र झाला, की दूरच्या नात्याचे ग्राहकही प्रतिसाद देऊ लागतात आणि गुच्छांमागून गुच्छ पेटत जातात. आवाजाच्या या वाढीवर कोणी नियंत्रण ठेवलं नाही, तर पाटीभर मोगरा आणि पाटीभर निशिगंध यांत फरक करणं अवघड होईल. सगळेच खण भरून वाहतील.

हे नियंत्रण ठेवणाऱ्यांत डोपामाइन पेशी महत्त्वाच्या आहेत. त्या गुच्छांच्या भोवती बसलेल्या असतात. नाकाकडून येणाऱ्या तंतूंच्या टोकांवर डोपामाइन पडलं, की ती टोकं पुढे निरोप कमी सोडतात. म्हणजे निरोप वाचून मग आवाज कमी करण्याऐवजी या पेशी पत्र खणात पडतानाच हात आखडता घ्यायला लावतात. शिवाय या पेशी डोपामाइनच्या जोडीला गाबा नावाचं दुसरं शामक रसायनही सोडतात. गाबा झटपट काम करतं, डोपामाइन सावकाश. एका पेशीने दोन रसायनं सोडावीत ही कल्पना एकेकाळी पचायला जड गेली होती. आता ती नेहमीची झाली आहे.

यांतल्या काही पेशींच्या नावाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या शरीररचनाकारांनी त्यांना ‘आखूड तंतूच्या पेशी’ म्हटलं होतं. पुढे चांगली साधनं आली, तेव्हा दिसलं, की त्यांचे तंतू एका गुच्छापासून कितीतरी गुच्छ ओलांडून लांबवर जातात. आखूड हे नाव मात्र कायम राहिलं. बंद झालेल्या गिरण्यांची नावं थांब्यांना टिकून राहावीत तसं. या लांब तंतूंचा उपयोग काय, याचं एक चांगलं उत्तर २०१५ मध्ये अमेरिकेच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतून आलं. अर्करूप बॅनर्जी, दिनू अल्बेआनू आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या घ्राणकंदातल्या याच डोपामाइन पेशी पाहिल्या. वास जसजसा तीव्र होतो, तसतशी या पेशींची धडपड वाढते, असं त्यांना आढळलं. त्या गप्प केल्या, तर घ्राणकंदातून मेंदूकडे जाणारे निरोप जास्त जोरदार होतात. एका गुच्छावर किती आवाज व्हावा हे त्याच्या एकट्यावर ठरत नाही. आजूबाजूला एकूण गलका किती आहे, हे पाहून तो ठरतो. ही व्यवस्था परिपूर्ण आहे असं मात्र नाही. मोगऱ्यात इंडोल नावाचा एक रेणू असतो. तो अगदी थोडा असताना फुलाचा वास देतो. तोच दाट झाला, तर नाक मुरडावं लागतं.

लगाम नेहमी एकाच ताणावर धरलेला नसतो. उंदराची एक नाकपुडी बंद केली, की त्या बाजूच्या घ्राणकंदातल्या पेशी डोपामाइन बनवण्यासाठी लागणारं विकर जवळजवळ बंदच करतात, हे हॅरिएट बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं. पेशी मरत नाहीत, फक्त काम थांबवतात. निरोपच येत नसतील, तर ते आवरणार कशाला? लगाम सैल सोडला, की चुकून येणारा क्षीण वासही पुढे जाऊ शकतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये एलिसा गॅलियानो आणि मॅथ्यू ग्रब यांच्या गटाने हे आणखी बारकाईने पाहिलं. उंदरात या डोपामाइन पेशी दोन जातींच्या असतात. तंतू असलेल्या पेशी जन्माआधीच तयार होतात. बिनतंतूच्या पेशी जन्मानंतरही तयार होत राहतात. नाकपुडी फक्त एक दिवस बंद ठेवली, तरी बिनतंतूच्या पेशी मवाळ होतात. तंतूवाल्या मात्र ढिम्म राहतात.

जन्मानंतर नव्या पेशी तयार होतात हे वाचून कोणाला आशा वाटली, तर ती उंदरांपुरतीच ठेवावी लागते. उंदराच्या मेंदूत आयुष्यभर नव्या चेतापेशी जन्मून घ्राणकंदाकडे सरकत जातात आणि त्यांतल्या काही डोपामाइन पेशी होतात. माणसात तसं घडतं का, हे शोधायला स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने अणुचाचण्यांची मदत घेतली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं, मग कमी होत गेलं. पेशी ज्या वर्षी जन्मली, त्या वर्षीच्या हवेची खूण तिच्या डीएनएत राहते. त्यावरून २०१२ मध्ये निष्कर्ष निघाला, की माणसाच्या घ्राणकंदातल्या चेतापेशी जवळजवळ त्याच्याच वयाच्या असतात. सत्तरीतल्या आजींच्या घ्राणकंदातला लगामही सत्तरीतलाच.

वासाच्या विज्ञानाचं मुंबईशी जुनं नातं आहे. कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या घ्राणशक्तीवर काम हाती घेतलं. केळ्यावर घोंघावणारी ती बारकी माशी. विशिष्ट वास न कळणाऱ्या माशा शोधायच्या आणि त्यांच्या जनुकांत कुठे बिघाड आहे ते पाहायचं. फळमाशीच्या मेंदूतही आपल्यासारखेच गुच्छ असतात, फक्त पन्नासच्या आसपास. वेगवेगळ्या वासांनी त्यातले वेगवेगळे गुच्छ जागे होतात, हे रॉड्रिग्ज यांनी किरणोत्सारी साखरेच्या साहाय्याने टिपलं. तो शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

योगायोग असा, की त्याच १९८८ मध्ये मुंबईवरचा आणखी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि आज कंपवाताच्या जगभरच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख असतो. नादिर भरुचा, एडी भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन पाहणी केली होती. दादरच्या पारशी कॉलनीमुळे अशा वसाहतींचं चित्र मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे सहज उभं राहतं. १४,०१० जणांत ४६ जणांना कंपवात निघाला. लाखामागे सुमारे ३२८, म्हणजे बराच मोठा आकडा. मात्र पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण जास्त आणि कंपवात प्रामुख्याने म्हातारपणाचा आजार. १९६० च्या अमेरिकन लोकसंख्येच्या वयोमानाप्रमाणे हिशोब केला, तेव्हा हा आकडा लाखामागे १९२ वर आला. तरीही भारतासारख्या देशात कंपवात दुर्मीळ आहे हा समज त्यानंतर टिकला नाही.

कंपवात मराठी माणसाला अनोळखी नाही. पु. ल. देशपांडे यांना अखेरच्या वर्षांत हाच आजार होता. हात थरथरणं, हालचाल मंदावणं, अंग ताठर होणं, पावलं घासत चालणं ही त्याची लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. मात्र वास जाणं हे त्या यादीत सहसा नसतं. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यातही नाकाचा उल्लेख नाही. कंपवाताच्या रुग्णांची घ्राणशक्ती कमी असते याची पद्धतशीर नोंद व्हायला १९७५ साल उजाडावं लागलं. ती अन्सारी आणि जॉन्सन यांनी केली. त्यानंतरच्या अभ्यासांत दिसलं, की बहुसंख्य रुग्णांत घ्राणशक्ती घटलेली असते आणि अनेकदा ती कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधी घटते. होनोलुलूमधल्या जपानी वंशाच्या वृद्ध पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीतून २००८ मध्ये दिसलं, की वास ओळखण्यात मागे पडलेल्यांना पुढच्या चार वर्षांत कंपवात होण्याची शक्यता जास्त होती. जर्मन शरीररचनाकार हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं, की या आजारात साचणाऱ्या प्रथिनाच्या गाठी मध्यमेंदूत दिसण्याच्या आधी घ्राणकंदात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात दिसतात.

इथे वाचकाच्या मनात सरळ हिशोब तयार होईल. कंपवातात डोपामाइन पेशी मरतात. घ्राणकंदात डोपामाइन पेशी आहेत. म्हणजे त्या मरतात आणि वास जातो. हिशोब अगदी चोख वाटतो, पण चुकीचा आहे.

२००४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका गटाने कंपवाताने मरण पावलेल्यांचे घ्राणकंद तपासले. तिथल्या डोपामाइन पेशी कमी झालेल्या नव्हत्या. त्या निरोगी माणसांच्या तुलनेत दुप्पट भरल्या. मग नवा हिशोब मांडला गेला. लगाम घालणाऱ्या पेशी दुप्पट, म्हणजे लगामही दुप्पट, आणि म्हणून वास दबतो. हा हिशोबही फार काळ टिकला नाही. त्याच गटाने २००८ मध्ये जास्त माणसं घेऊन, स्त्रिया आणि पुरुष वेगळे करून मोजणी केली, तेव्हा निरोगी पुरुषांत आणि कंपवाताच्या रुग्णांत ही संख्या सारखीच निघाली. कमी होती ती निरोगी स्त्रियांत. डोपामाइन पेशींच्या संख्येवरून वास जाण्याचा उलगडा होत नाही, हे या संशोधकांनी स्वतःच लिहिलं. आपलाच गाजलेला निष्कर्ष चार वर्षांत मागे घ्यायला धाडस लागतं. विज्ञानाच्या बातम्यांत अशा माघारीला क्वचितच जागा मिळते, आणि २००४ चा आकडा अजूनही अनेक ठिकाणी एकटाच फिरताना दिसतो.

मग वास जातो कशाने? २०१७ मध्ये पीटर मॉम्बर्ट्स यांच्या गटाने मृत्यूनंतर दान केलेले संपूर्ण घ्राणकंद थरथर कापून पाहिले. कंपवाताच्या रुग्णांत गुच्छांचं एकूण आकारमान निरोगी माणसांच्या निम्म्याच्या आसपास होतं. टपालाचे खणच आकसलेले. घ्राणकंदामागच्या, वासाची जुळवाजुळव करणाऱ्या भागातही प्रथिनाच्या गाठी आणि पेशींचा ऱ्हास सापडतो. सगळं चित्र अजून जुळलेलं नाही. पण लगाम धरणारे हात शाबूत आणि ज्याला लगाम घालायचा ती वाटच खचत चाललेली, इतपत ते स्पष्ट आहे.

हे केवळ प्रयोगशाळेतलं कुतूहल नाही. कंपवाताचं मुख्य औषध लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामाइन होतं. त्याने हात सुटतो, पावलं उचलली जातात, चेहऱ्यावरचे भाव परततात. वास मात्र परतत नाही. रुग्णाला आणि घरच्यांना वाटतं, की गोळीची मात्रा कमी पडते आहे, किंवा औषधच बरोबर नाही. काही जण मनानेच मात्रा वाढवतात. काही जण खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण जोडीला सुरू करतात. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतो; १९३७ मध्येच मद्रासमध्ये तो त्यांतून वेगळा केला गेला होता. म्हणूनच ते चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेणं म्हणजे नकळत दुहेरी डोस घेणं. लेव्होडोपा जास्त झाला, तर अंगाला नको त्या हालचाली सुटतात, भासही होऊ शकतात. आणि ज्या वासासाठी हा खटाटोप केला, त्याचा प्रश्न डोपामाइनच्या कमतरतेचा नव्हताच.

वास मोजण्यातही एक अडचण आहे. जगभर वापरली जाणारी घ्राणचाचणी अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये तयार केली. खरवडून हुंगायच्या ४० पट्ट्या आणि प्रत्येकीसाठी चार पर्याय. पण भोपळ्याचा पाय किंवा रूट बिअर यांचा वास परळच्या माणसाने कधी घेतलेलाच नसेल, तर तो चुकला यात नाकाचा काय दोष? दिल्लीच्या एम्समधल्या न्यूरॉलॉजिस्टनी २०१३ मध्ये भारतीयांच्या ओळखीचे वास घेऊन केलेल्या चाचणीचा कंपवाताच्या रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला तो यासाठीच. महाराष्ट्रातलं उदाहरण कोविडच्या वेळचं आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांचा गट उंदरांच्या घ्राणकंदावर काम करतो. २०२० मध्ये त्यांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांबरोबर माणसांसाठी वास मोजणारं यंत्र वापरलं. आपल्याला काहीच त्रास नाही असं सांगणाऱ्या कोविडबाधितांतही घ्राणशक्ती घटलेली असल्याचं त्यातून दिसलं. वास गेल्याचं अनेकांना स्वतःला कळतच नाही. नजर अधू झाली तर पेपर वाचता येत नाही; वास कमी झाला, तर माणूस म्हणतो, आमटीत हल्ली चव नाही.

त्या आमटीवरून घरात कुरबुरी होतात, हिंग-मिठाचं प्रमाण वाढत जातं, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाच्या पोटात नको इतकं मीठ जातं. दूध ऊतू जाऊन करपलेलं कळत नाही. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात, आणि ही सारी खबरदारी नाक चालतं या भरवशावर उभी आहे. गिरगावातल्या चाळीत किंवा दादरच्या जुन्या इमारतीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर गॅसगळतीची घंटा वाजवणारं छोटं यंत्र स्वयंपाकघरात बसवणं शहाणपणाचं.

वास कमी झाला म्हणजे कंपवात झाला, असं कोणी समजू नये. सर्दी, सायनसचा त्रास, नाकातले कोंब, तंबाखू, डोक्याला लागलेला मार, कोविड ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. वय हे तर मोठंच कारण. डोटी यांच्याच पाहणीत ६५ ते ८० वयोगटातल्या निम्म्याहून अधिक जणांची घ्राणशक्ती बरीच घटलेली होती, ऐंशीनंतर तीन चतुर्थांशांहून अधिक जणांची. त्यामुळे पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञाची. नाक स्वच्छ निघालं, सर्दी-कोविडचा इतिहास नाही आणि तरी वास हळूहळू गेलेला आहे. जोडीला जुनी बद्धकोष्ठता आहे, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं आहे, अक्षर बारीक होत चाललं आहे किंवा चालताना एक हात हलत नाही, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. हाताचा कंप सुरू होतो, तोवर मध्यमेंदूतल्या ‘ए९’ पेशी बऱ्याच गेलेल्या असतात, काही अंदाजांनुसार निम्म्याच्या आसपास. आजाराची वाटचाल थांबवणारं औषध आज हाती नाही. ते शोधू पाहणाऱ्या संशोधकांना मात्र कंप सुरू होण्याच्या आधीची हीच माणसं हवी आहेत, आणि नियमित व्यायाम लवकर सुरू केलेला बरा, यावर डॉक्टरांचं एकमत आहे.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा, तर डोळे मिटून एकेका नाकपुडीने हिंग, वेलची, कॉफी, कापूर हुंगून पाहावं. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हेही पाहावं. कापूर थोडा झोंबतो, त्यामुळे तो कळला एवढ्यावर नाक ठीक आहे असं मानू नये. डॉक्टरांकडे जाताना वास कधीपासून कमी झाला ते आठवून जावं. साल आठवत नसेल, तर कुठल्या गणपतीत मोदकाच्या उकडीचा वास आला नव्हता, एवढं सांगितलं तरी त्यांचं काम भागतं.